परात, चिंचोके आणि तोंडाला कुलूप

मागच्या उन्हाळ्यात ओळखीतली एक जण तिच्या साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या घरी आली. मुलीला ऑटिझम असल्याचं कळून महिनाही झाला नव्हता. हातात ही मोठी पिशवी, आत ऑनलाइन मागवलेलं सामान. काटेरी रबरी चेंडू, रंगीत वाळू, दिवे लागणारी नळी, पाण्यात फुगणारे मणी. "सगळं आणलं हो, पण ही कशालाच हात लावत नाही." आम्ही दोघी पिशवी उपसत बसलो आणि पोरगी तोवर स्वयंपाकघरात शिरली. जाऊन बघते तर चिंचोक्यांची बरणी कानाशी धरून हलवत बसलेली. वीस मिनिटं तिचं तेच चाललं होतं.

त्या पिशवीतली एक वस्तू मी तिला परत पाठवायला लावली, ती म्हणजे फुगणारे मणी. मुलाने गिळले तर ते पोटात आणखी फुगतात, आतडं अडतं आणि गोष्ट ऑपरेशनवर जाते. तोंडात वस्तू घालणारं मूल असेल तर ते घरातच नकोत. बाकीचं सामान वाईट नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती.

मी थेरपिस्ट नाही. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलायला सहाव्या वर्षी लागला. ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं करायला शिकवणाऱ्या उपचाराच्या) मॅडमनी दिलेलं रोजचं काम घरी करता करता जे हाताला लागलं ते शनिवारी घरी येणाऱ्या चार-पाच आयांना सांगते. ज्यांची सुरुवात आत्ता होतेय त्यांच्यासाठी तेच घरगुती खेळ इथे क्रमाने लिहिते.

आधी आठ दिवस नुसतं बघा

खेळ सुरू करायच्या आधी एक वही घ्या. एका पानावर लिहा "काय शोधतो", दुसऱ्यावर "काय टाळतो". आठ दिवस काही शिकवू नका, फक्त लिहा. मिक्सर लागला की कान झाकतो. शर्टाच्या मागचं लेबल कापावं लागतं. चवड्यांवर चालतो. नखं कापताना घर डोक्यावर घेतो. पंखा बघत तासभर बसतो. गादीच्या फटीत शिरून पडून राहतो.

पाच इंद्रियं आपण शाळेत शिकलो. ओटीला जायला लागलं की दोन जास्तीची कळतात. एक तोल सांभाळणारं, कानाच्या अगदी आतल्या भागातलं. झोका, गोल फिरणं, उतारावरून धावणं हे त्याचं खाद्य. दुसरं स्नायू आणि सांध्यांतलं. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे ज्याच्यामुळे कळतं, ते. भिंतीला धडका देणारं, सोफ्यावरून धाडकन उडी मारणारं, घट्ट मिठीत शांत होणारं मूल बहुतेक वेळा या दुसऱ्यासाठी खाऊ मागत असतं. आपण मात्र त्याला मस्तीखोर म्हणून मोकळे होतो.

एकच मूल एका बाबतीत शोधणारं आणि दुसऱ्या बाबतीत टाळणारं असू शकतं. आमचे साहेब, म्हणजे माझा लेक, भिंतीला पाठ आपटायचे आणि त्याच दिवशी गालाला पाण्याचा थेंब लागला तर किंचाळायचे. म्हणून दोन पानं.

अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी १९६०-७० च्या दशकांत इंद्रियांचा हा विचार मांडला. तो उपयोगी आहे, पण त्याला औषध समजू नका. २०१२ मध्ये तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डॉक्टरांना बजावलं की अशा उपचारांबद्दलचा पुरावा मर्यादित आहे, हे पालकांना स्पष्ट सांगा. खेळाने मूल शांत बसतं, हात चालायला लागतात, शिकायला दार उघडतं, हे मी पाहिलंय. "सहा महिन्यांत मूल नॉर्मल" असं कोणी म्हटलं की मात्र चपला घालून निघायचं.

चटई आणि वेळ

घरातला एक कोपरा ठरवा आणि तिथे एकच चटई अंथरा. ती फक्त खेळाची. जेवण, अभ्यास, रागावणं त्या चटईवर नाही. वेळ रोज तीच, आणि सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. पाच मिनिटांत उठला तर पाच मिनिटं. पोट फार भरलेलं नको, फार रिकामं नको.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. दुपारी कूलरसमोर खेळ मांडायचा मोह होतो. कूलरच्या घरघरीने काही मुलं छान शांत होतात, काही पार बिथरतात, ते वहीत येईलच. पण मूल पाण्याचे हात घेऊन कूलरला लागणार नाही इतक्या अंतरावर चटई हवी. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. अर्थिंग तपासून घ्या, आणि कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढलेली असू द्या.

खेळ सुरू झाला आणि संपला हे मुलाला न सांगता कळलं पाहिजे. आमच्याकडे चटई उलगडली की सुरू, परातीवर झाकण पडलं की संपलं. झाकण तोच ठेवतो. शेवट अचानक केला तर रडारड होते, आणि मग आपण म्हणतो खेळ आवडला नाही.

पहिला खेळ: परात

एक मोठी परात, तीन वाट्या चिंचोके, एक डाव, एक स्टीलची वाटी आणि मुलाच्या आवडीच्या तीन लहान वस्तू. आमच्याकडे गाडी, किल्ली आणि बाटलीचं निळं झाकण होतं.

डाळ-तांदूळ का नाही, ते आधी सांगते. सुरुवातीला मी तूरडाळच घेतली होती. लेकराने त्यात पाय घातला आणि सासूबाई दारातून ओरडल्या, "अन्नात पाय घालते का कोणी? काय शिकवून राह्यली तू त्याला?" वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्यांचं खरंच होतं. मग आम्ही तोड काढली. चिंचोके कोणी खात नाही, त्यात पाय गेला तरी कोणाचा जीव तुटत नाही. धान्यच हवं असेल तर सोंडे लागलेले गहू उन्हात घालून वापरायचे आणि महिन्याने पाखरांना टाकायचे. हे सासूबाईंनीच सुचवलं.

मूल वस्तू तोंडात, नाकात किंवा कानात घालत असेल तर त्याचं वय काहीही असो, चिंचोके, मणी, धान्य काही नको. त्याच्या परातीत तोंडात गेलं तरी चालेल असं काही घ्या. मऊ शिजवून गार केलेला साबुदाणा, शेवया, घट्ट दही. आणि परात कोणतीही असो, मुलाला तिच्यापाशी एकटं सोडून दाराची बेल बघायला जायचं नाही.

आता आमच्या घरी ते कसं झालं ते. पहिल्या दिवशी मी चटईवर बसले आणि डावाने चिंचोके वाटीत ओतले. खळ्ळ. तो दाराशी उभा होता, मान वळली, बस. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो चटईच्या कडेला आडवा बसला, एक गुडघा आत आणि बाकीचा सगळा बाहेर. डाव मी त्याच्याकडे सरकवला. त्याने ओतलं, खळ्ळ, पुन्हा ओतलं. सहाव्या दिवशी डाव बाजूला पडला आणि एका बोटाचं नख चिंचोक्याला लागलं. लगेच बोट पँटला पुसलं. अकराव्या दिवशी त्याने दोन्ही पंजे मनगटापर्यंत आत घातले आणि डोळे मिटून घेतले. मी श्वास रोखून बसलेले, आणि सासूबाई दारातून खुणेने विचारत होत्या, टाळी वाजवू का? मी मान हलवली. नको.

डाव, नख, बोट, पंजा. तुमच्या मुलाला प्रत्येक पायरीला दोन दिवस लागतील, नाहीतर दोन महिने. हात धरून आत घालायचा नाही. हे मी केलंय. भिजवलेल्या बेसनाचं ताट होतं, मला घाई होती, पाहुण्या बघत होत्या. मी त्याचं मनगट धरून हात ताटात दाबला. पुढचे तीन आठवडे तो त्या खोलीतच यायला तयार नव्हता. मदत करायचीच तर आपला हात खाली आणि त्याचा वर, म्हणजे त्याला वाटेल तेव्हा उचलता येतो.

पंजा सहज जायला लागला की वस्तू लपवा. पहिल्यांदा अर्धी दिसेल अशी, मग पूर्ण बुडवून. मग पाळी. "तू शोध", "मी शोधते". दोन शब्दांच्या वर बोलायचं नाही. कारण खालचं.

तोंडाला कुलूप

माझ्या बहिणीने एकदा आमच्या खेळाचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. नंतर बघताना मला घाम फुटला. "हे काय आहे? सांग ना. गाडी! गा-डी. कोणत्या रंगाची? लाल. म्हण लाल. इकडे बघ. कुठे बघतोस? आईकडे बघ. चाकं किती?" दहा मिनिटं मी एकटीच बोलत होते. तो मध्ये तीनदा तोंड उघडून काहीतरी म्हणू बघतो आणि तीनही वेळा मी पुढचा प्रश्न टाकते. तिसऱ्या वेळी तो उठून गेला. तेव्हा माझ्या डोक्यात बसलं होतं, याला लक्षच देता येत नाही.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. काही सांगितलं, की मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. ओठ न हलवता. "दे" म्हटलं, हात पुढे केला आणि मोजायला लागले. सहा, सात, आठ, आणि आठला किल्ली हातात आली. आपल्या मुलांना ऐकलेलं आत पोचवायला, उत्तर शोधायला आणि ते हाताकडे किंवा जिभेकडे पाठवायला वेळ लागतो. आपण मध्ये पुन्हा बोललो की त्यांचं मोजणं शून्यापासून सुरू.

नवीन आयांना यातलं हेच सगळ्यात जड जातं. काही न बोलता बसलं की आपण काही करतच नाही आहोत असं वाटतं. घरातली माणसंही म्हणतात, "बसली नुसती, शिकवत काहून नाही?" बसू द्या म्हणावं.

प्रश्न कमी करा आणि जे होतंय तेवढंच बोला. "पडली." "अजून?" "संपलं." बोलणारं मूल असो की न बोलणारं, हे तीन शब्द खूप काम करतात. न बोलणाऱ्याने हाताने खूण केली, चित्रावर बोट ठेवलं, तुमचा हात धरून परातीकडे नेला, तर ते बोलणंच झालं. त्याला लगेच मान द्या, "तोंडाने म्हण" म्हणून अडवू नका.

संत्र्याची उलटी साखळी

आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरात त्याचं कौतुक वेगळं आहे. या फळाची साल ढिली असते. मोसंबी सोलायला चाकू लागतो, संत्र्याला अंगठा पुरतो.

कोणतंही काम शिकवताना आपण पहिल्या पायरीपासून सुरू करतो. साल फोडणं ही संत्र्याची सगळ्यात अवघड पायरी, मूल तिथेच अडतं, वैतागतं आणि फेकून देतं. म्हणून उलट्या बाजूने जायचं. तुम्ही अख्खं संत्रं सोला, सालीचा रुपयाएवढा शेवटचा तुकडा ठेवा आणि ते मुलाच्या हातात द्या. त्याने तुकडा ओढला, काम फत्ते, फोड तोंडात. शेवट रोज त्याचाच. चार दिवसांनी तुकडा मोठा ठेवा, मग अर्धी साल, मग नुसतं वरचं टोक फोडून द्या. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमाराला बाजारात भरपूर असतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात, म्हणजे सरावाला पाच महिने मिळतात. आम्हाला दोन हंगाम लागले. रस डोळ्यात उडाला की आठवडाभर बहिष्कार असायचा, तो धरून.

सोलून झालं की फोडी ओळीत मांडून मोजायच्या. कधी नऊ निघतात, कधी अकरा. आकडा ठरलेला नसतो म्हणून पाठ म्हणता येत नाही, मोजावंच लागतं. पुस्तकातल्या मोजणीपेक्षा मला ही बरी वाटते.

शर्ट घालणं, चप्पल घालणं, डब्याचं झाकण लावणं, सगळं असंच. शेवटची पायरी त्याची, आधीच्या तुमच्या, आणि हळूहळू एकेक त्याच्याकडे सरकवायची.

जड काम आणि लाकडी नंदी

ज्यांच्या वहीत "धडकतो, उड्या मारतो, दाबून घेतो" असं आलंय त्यांनी चटईच्या आधी पाच-सात मिनिटं जड काम द्यावं. बादलीत अर्धं पाणी भरून बाथरूमपासून तुळशीपर्यंत नेणं. गादी ढकलणं. भिंत "मागे सरकवणं". कणीक तिंबणं. सतरंजीत गुंडाळून पोळीचा रोल करणं, पण तोंड आणि मान बाहेर, आणि मुलाने खूण केली की त्याच क्षणी उलगडायचं.

आपल्याकडे यासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवलाय असं मला नेहमी वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. चाकांवरचा लाकडी नंदी दोरीने ओढत गल्लीभर फिरायचं आणि घरोघरी खाऊ घ्यायचा. ओढायला ताकद लागते, दोरी धरायला मूठ लागते, नंदी उलटला तर थांबून सरळ करावा लागतो आणि प्रत्येक दाराशी एक माणूस भेटतं. ओटीच्या मॅडमना विचारलं तर त्या याची यादी करून देतील. तो नंदी दुसऱ्या दिवशी माळ्यावर टाकू नका. आम्ही त्याच्या पाठीवर मिठाचे किलो-किलोचे दोन पुडे बांधले आणि वर्षभर गच्चीवर फिरवला. सुरुवातीला एक पुडा होता.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी इतवारी-महाल भागात मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची गोंगाटाची मिरवणूक असते. आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला तिकडे नेऊ नका. पाहुणे आग्रह करतात, "दाखवा तरी पोराला". आपली गल्ली बरी.

झोका, म्हणजे बंगई घरात असेल तर सोनं आहे. पुढे-मागे सावकाश हलवलं की शांत करते, गोल फिरवलं की चाळवते. झोपायच्या आधी गोल नको. चेहरा पांढरा पडला, घाम आला, उलटीसारखं झालं, तर तिथेच थांबा.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायच्या नाहीत. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा जोड ढिला असतो, म्हणून कोलांटउडी, डोक्यावर उभं राहणं, मानेला हिसका बसेल असं काहीही नको. आणि फिट येणाऱ्या मुलाला गरागरा फिरवणं किंवा लुकलुकते दिवे नकोत.

बोटांसाठी

गावाकडून कोणी आलं तर मूठभर कापूस मागवा, सरकीसकट. कापसातून सरकी सोडवायची म्हणजे एका हाताने धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने ओढायचं. दोन हातांना दोन वेगळी कामं, आणि पेन्सिल धरायच्या आधीची नेमकी हीच तयारी. सरकी तोंडात जाऊ द्यायची नाही. मग आजीच्या शेजारी बसून वाती वळायच्या. आमच्या देवघरात वर्षभर सापासारख्या वाती जळत होत्या. देवाची काही तक्रार आली नाही.

कपड्यांचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावणं, सागरगोटे डब्यात टाकणं, बाटल्यांची झाकणं फिरवणं, हे मधल्या वेळेत.

मळून खेळायला मिठाची कणीक टिकते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं एक वाटीपर्यंत पाणी, चमचाभर तेल, रंगाला हळद. घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर जाते. ती खाण्याची नव्हे, मीठ फार असतं.

वास आणि आवाज

दोन-दोन सारख्या डब्या करून जोड्या लावायच्या. आवाजासाठी अपारदर्शक डब्यांत चिंचोके, रवा, नाणी भरायची आणि झाकण चिकटपट्टीने पक्कं करायचं. वासासाठी जिरं, हिंग, वाळवलेली संत्र्याची साल, कूलरच्या टपातून काढलेला नव्हे तर दुकानातून आणलेला स्वच्छ वाळा. कापूर आणि डांबरगोळ्या कधीच नाही. कापराचा एवढासा तुकडा जरी लहान मुलाच्या पोटात गेला तरी झटके येऊ शकतात.

शिकायचे खेळ

क्रम लक्षात ठेवा: आधी सारख्याला सारखं लावणं, मग वेगळं करणं, आणि नाव सांगणं सगळ्यात शेवटी. आपण थेट नावापासून सुरू करतो आणि मूल गप्प राहिलं की त्याला येत नाही असं ठरवून टाकतो. "चमचा" म्हणता न येणारं मूल घासलेल्या भांड्यांतून चमचे चमच्यांत आणि वाट्या वाट्यांत बरोबर लावतं. त्याला चमचा कळतो, कळलाच आहे. दाराशी पडलेल्या चपलांच्या जोड्या लावणं हा आमचा वर्षभराचा अभ्यास होता, आणि पाहुणे आले की परीक्षा.

दुसरा क्रम: आधी खरी वस्तू, मग त्याच वस्तूचा फोटो, मग चित्र. तक्त्यावरचं लालचुटुक सफरचंद आणि फ्रीजमधलं पिवळट सफरचंद एकच आहे हे आपल्याला सोपं वाटतं. मुलाला ते पटायला मध्ये फोटोचा पूल लागतो. तुमच्याच घरातल्या वाटीचा, तुमच्याच बंगईचा फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवा. हेच फोटो भिंतीवर ओळीने लावले की दिवसाचा क्रम होतो: अंघोळ, नाश्ता, चटई, शाळा. पुढे काय आहे हे दिसलं की अर्धा त्रागा कमी होतो.

अक्षरांना ताटात रवा पसरा आणि बोटाने गिरवा. ग, म, भ, न या ओळखीच्या गटापासून. पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर लावली तर खरखर बोटाला लागते आणि वळण लक्षात राहतं. ज्याला खरखर सहन होत नाही त्याला मखमलीची. वही काढायची घाई नको.

खेळ तोच राहतो, मांडणी मुलाप्रमाणे बदलते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी) असलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर त्याची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. पायाखाली पाट द्या, पाठीला आधार द्या, मग हात मोकळे होतात. कमी दिसणाऱ्या मुलासाठी काळ्या कापडावर पिवळी वस्तू. कमी ऐकू येणाऱ्याच्या समोर बसा, तोंडावर उजेड येईल असं. खिडकीला पाठ करून बसलात तर त्याला फक्त काळी सावली दिसते. चंचल मुलाला उभ्याने खेळू द्या. बसायलाच हवं असं कुठे लिहिलंय?

बिनसलं तर

मूल किंचाळायला लागलं, स्वतःला मारायला लागलं, तर ती शिकवायची वेळ नव्हे. दिवा कमी करा, मिक्सर-टीव्ही बंद करा, बोलणं बंद करा, डोक्याला लागणार नाही एवढं बघा आणि जवळ बसा. ओसरल्यावर पाणी द्या. वहीत लिहा, आधी काय झालं होतं. चार नोंदी झाल्या की कारण बहुधा सापडतं. आमच्याकडचं एक कारण शेजारच्या इमारतीतला पाण्याचा पंप निघालं. सव्वासहाला लागायचा. आम्ही खेळ पाचला केला.

महिनाभर खेळून काहीच पुढे सरकत नसेल, किंवा आधी येत असलेलं मूल विसरायला लागलं असेल तर घरी थांबू नका. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ऑक्युपेशनल थेरपीचं सरकारी शिक्षण-उपचार केंद्र आहे, मिहानला एम्स आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीत किंवा शाळेत विचारा. कागदांचंही लवकर आटपा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात येतात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असेल तर निरामय या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. वही सोबत न्या. डॉक्टर "घरी कसा असतो?" विचारतात तेव्हा आपल्याला ऐनवेळी काही आठवत नाही.

चटईच्या बाहेर: मेट्रो

घरातलं जमलं की बाहेर. महाराजबाग, अंबाझरी आहेतच, पण मला मेट्रो आवडते. गार असते, गाड्या ठरल्या वेळेला येतात, स्टेशनांचा क्रम कधी बदलत नाही. आपल्या मुलांना आणखी काय हवं? दुपारी अकरा ते चारच्या मध्ये गर्दीही कमी.

तयारी घरी करा. एक नारंगी कार्ड आणि एक निळसर. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी मार्गिका नारंगी, लोकमान्यनगरहून प्रजापतीनगरकडे जाणारी निळसर, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. आधी चटईवर कार्डांशी रंगाच्या वस्तू जुळवा. मग स्टेशनवर नेऊन पाटीशी कार्ड जुळवू द्या. सरकत्या जिन्याला घाबरत असेल तर पहिल्या दिवशी लिफ्ट घ्या, तो जिना पुढच्या महिन्याचा खेळ. दार बंद होतानाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी दोन दिवस बारीक आवाजात ऐकवा. कान झाकायला कानटोपी असू द्या, मे महिना असला तरी.

पहिल्या वेळी दोनच स्टेशनं जायचं आणि परत यायचं, तो आणखी मागत असला तरी. आमच्या मुलाने चौथ्या फेरीला सीताबर्डीला उतरताना माझ्या हातातलं नारंगी कार्ड काढून घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि निळं बाहेर काढलं. मी तेव्हा सातपर्यंत मोजलं होतं.